हसताना किती दुखतं

दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचं सिझेरियन एकाच सकाळी झालं आणि खाटाही शेजारीशेजारी मिळाल्या. त्यांच्या आईचे पाय जमिनीवर नव्हते. ती एका पाळण्याकडून दुसऱ्याकडे नुसती भिरभिरत होती.

ऑपरेशननंतर टाके कमी दुखावेत म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरबाई पोटाच्या नसा बधिर करायच्या दोन पद्धती ताडून पाहत होत्या. बहिणींनी आधीच होकार दिला होता. चिठ्ठी काढून ठरलं, त्याप्रमाणे ताईला इंजेक्शन दोन्ही कुशींत मिळालं, धाकटीला जरा मागे, कमरेच्या बाजूला.

दुपारी बाई विचारायला आल्या. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. किती दुखतंय?"

"तीन," ताई म्हणाली.

"मग माझं दोन," धाकटी म्हणाली.

"भाव करू नका. खोकून दाखवा."

दोघी पोटावर उशी धरून जपून खोकल्या. तेवढ्यात ताईचा नवरा आला. तो शिंपी. रात्रभर जागून डोळे तारवटलेले, गळ्यात टेप तशीच. त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, आत टीप मारलीय की नुसता धावदोरा? नाही, उसवायला नको म्हणून विचारतो."

धाकटीला हसू फुटलं. तिचं पाहून ताईला. ताई एका हाताने उशी दाबत, दुसऱ्याने नवऱ्याला बाहेर घालवत होती. "अहो, जा ना. दुखतंय."

"किती?" बाईंनी पेन सरसावलं.

"सहा. हे बोलले तर सात."

"मला अजून दोनच," धाकटी डोळे पुसत म्हणाली.

"म्हणजे हिचं इंजेक्शन भारी?" शिंप्याने विचारलं.

"दोघींवरून काही ठरत नाही. अजून पुष्कळजणी व्हायच्यात," असं म्हणताना बाईंचाही आवाज हलला आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे मात्र गदगदत होते.

ताईला लगेच दुखण्यावरचं औषध दिलं. संध्याकाळी ती नवऱ्याचा हात धरून उठली, वाकत वाकत धाकटीच्या खाटेपर्यंत गेली आणि भाचीला मांडीवर घेऊन बसली.

"नाक तुझंच गं," ती म्हणाली. "बिचारी."

आता कळ धाकटीला आली. "ताई, गप्प बस. चार झालं."