रिकाम्या झोळीचे वजन

जो दुसऱ्यावर अवलंबून असतो, त्याने खरे बोलणे पुरेसे नसते. त्याचे बोलणे कशाकशावर अवलंबून आहे, हे ऐकणाऱ्याला विचारावे लागते. ते विचारले नाही, तर सत्यही घात करते.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. दवाखान्यात दारामागे मी टांगलेला असे. झोळीत बाळ ठेवले की माझ्या पोटातील स्प्रिंग ताणली जाई. जितके वजन, तितका ताण. बाळाचे वजन हे स्वतंत्र चल, माझा आकडा अवलंबी चल. त्यात माझ्या मर्जीचे काहीच नसे.

जुनी परिचारिका आधी रिकामी झोळी टांगी आणि माझा कान पिळून मला शून्यावर आणी. तिच्यानंतर आलेली परिचारिका मोठी मायाळू होती. थंडीत बाळांना गार लागू नये म्हणून तिने पातळ झोळी काढून अस्तराची जाड झोळी स्वतः शिवून लावली. मला शून्यावर आणायचे तेवढे राहून गेले.

नवी झोळी लागली त्याच आठवड्यात एक तरुण आई आली. "सिस्टर, हा नीट दूधच ओढत नाही हो."

"अगं वेडे, मागच्या महिन्यात बत्तीसशे ग्रॅम होता, आज चौतीसशे! काळजीनं तूच वाळशील. डॉक्टर कशाला? जा घरी."

आई हसली. मला वाचा नव्हती.

दहा दिवसांनी ती आपल्या वडिलांना घेऊन आली. ते गणिताचे निवृत्त शिक्षक होते. बाळ मलूल झाले होते. माझा काटा तेहेतीसशेवर थांबला.

"शंभरच तर उतरलंय," परिचारिका म्हणाली.

"बाई, बाळाला काढा बघू जरा."

झोळी रिकामी झाली. काटा पाचशेवर उभा राहिला. त्यांनी बाळाच्या कार्डावर लिहिले : दिसणारा आकडा = बाळाचे वजन + ५००.

"पोर नव्हे, बाई, झोळी वाढली होती."

मग ते लेकीला म्हणाले, "जन्मभर ही रेषीय समीकरणं फळ्यावर लिहिली गं. पण शून्य कुठंय ते आधी बघ, एवढं तुला सांगायचं राहिलं."

बाळाला त्याच दुपारी मोठ्या रुग्णालयात नेले. ते वाचले नाही.

आता मी अडगळीत गंजत आहे. परिचारिका रोज सकाळी नव्या काट्याला रिकामी झोळी टांगते आणि कितीतरी वेळ शून्याकडे पाहत उभी राहते. मित्रांनो, कोणताही आकडा मानण्याआधी त्याची रिकामी झोळी पाहा.

त्या मातेला झोप लाभो. त्या वृद्ध पित्याचे मन निवो. त्या परिचारिकेचे हात पुन्हा निर्भय होवोत.