पापांगीकाराचा कागद

“हा शब्द काढा बाई, आणि त्याच्या जागी ‘चुका’ घाला,” नवे पाळकसाहेब म्हणाले.

शुक्रवारची दुपार होती आणि मी रविवारच्या उपासनेचा कागद टाइप करत होते. चर्चच्या ऑफिसात एकतीस वर्षे मी हेच करते आहे. गीतांचे क्रमांक, वाचने, आणि मधोमध पापांगीकार, म्हणजे सगळ्या मंडळीने उभे राहून एका सुरात म्हणायची कबुली. ‘हे देवा, आम्ही पाप केले आहे,’ अशी ती सुरू होते.

त्यांचे म्हणणे असे की ‘पाप’ म्हटले की नवी माणसे बिचकतात. महिन्यापूर्वी एक जोडपे त्या ओळीला खाली बसले आणि पुन्हा फिरकले नाही. शिवाय शास्त्राच्या मूळ भाषेत त्या शब्दाचा अर्थ नेम चुकणे असाच आहे, म्हणजे आपण अर्थ सोडत नसून त्याच्या जवळच जातो आहोत. मला मूळ भाषा येत नाही आणि त्यांना येते, हे दोघांनाही ठाऊक होते. मी मान हलवली.

माणूस वाईट असता तर मनातल्या मनात दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण हे गृहस्थ गळके छप्पर स्वतः शिडीवर चढून बुजवतात, आजाऱ्याच्या उशाशी तास तास बसतात आणि माझ्या गुडघ्याची चौकशी माझ्या मुलापेक्षा जास्त करतात. अशा माणसावर रागवायचे तरी कसे?

ते गेल्यावर मी खणातून वही काढली. आधीच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी निवृत्त होताना ती मला दिली होती. कृपा, पश्चात्ताप, क्षमा, अशा एकेका शब्दापुढे त्यांनी शास्त्रातला अर्थ बारीक अक्षरात लिहिला होता. कागद छापायच्या आधी वहीशी ताडून बघायचा, ही त्यांची शिस्त. मी ‘पाप’ उघडले. पहिलीच ओळ होती, ‘नेम चुकणे.’ म्हणजे नव्यांचे खरे होते. त्याखाली म्हाताऱ्यांनी लिहिले होते, ‘पण नेम कशावर धरला होता, ते आधी स्वतःला विचारावे.’ वही मिटली. डोक्यात जो गुंता होता तो आणखी वाढला.

चूक म्हणजे काय ते मला विचारा. एकदा माझ्या हातून गीताच्या क्रमांकातले आकडे उलटसुलट पडले आणि मयताच्या उपासनेत अख्ख्या मंडळीने लग्नाचे गीत सुरू केले. ती चूक. मृताची बायकोसुद्धा हसली आणि मग जास्तच रडली.

आणि दुसरी एक गोष्ट होती. माझी धाकटी बहीण बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षे त्यांचे सगळे मी एकटीने केले. शेवटी शेवटी तिचे पत्र आले, मी येऊ का म्हणून. मी ते वाचले आणि खणात ठेवून दिले. बाबा गेल्यावर तिला सांगितले की पत्र कागदांखाली राहून गेले, माझी चूक झाली. ती रडली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. आता नवरा वारल्यापासून ती दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि दर रविवारी माझ्या शेजारी बसते. तिला खोटे सांगितले होते, पण रविवारी मी देवासमोर खरा शब्द उच्चारत होते. तेवढाच आधार होता.

तरीही मी ‘चुका’ टाइप केले. नोकरीच ती.

रविवारी सगळे उभे राहिले. ‘हे देवा, आमच्याकडून चुका झाल्या आहेत.’ धाकटी मोठ्याने, मोकळेपणाने वाचत होती. माझी जीभ वळेना. मी तिला जे सांगितले होते, नेमके तेच आता देवालाही सांगायचे होते, आणि तेही सगळ्यांच्या बरोबर.

उपासना संपल्यावर आम्ही दोघी नेहमीप्रमाणे बाकांवरचे कागद गोळा करू लागलो.

“ते पत्र,” मी म्हणाले. “बाबांच्या वेळचं.”

“अगं ताई, आता कशाला ते? चूक होते माणसाकडून.”

“चूक नव्हती. मी ते वाचलं होतं. बाबा रोज विचारायचे, तिचं काही आलं का. मी नाही म्हणायचे.”

तिचे हात थांबले. “किती दिवस?”

“अकरा.”

“मी तर तुला केव्हाच माफ केलं होतं,” ती म्हणाली.

“ते दुसऱ्याच गोष्टीसाठी केलं होतंस.”

तिने कागदांच्या कडा नीट जुळवल्या, गठ्ठा बाकावर ठेवला आणि पर्स घेऊन निघून गेली. मला हलके वाटायला हवे होते. तसे काहीच वाटले नाही. एका शब्दापायी मी बहीण घालवली की एक खोटेपणा घालवला, ते मला आठवडाभर ठरवता आले नाही. शुक्रवारी पाळकसाहेब खुशीत सांगत आले की ते जोडपे परत येणार आहे. चांगलेच झाले, मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पुन्हा ‘चुका’ टाइप केले.

रविवारी धाकटी आली, पण दोन बाक पुढे बसली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पापांगीकाराला सगळे उभे राहिले. ती वाचत नव्हती. कागद तिच्या हातात मिटलेला होता आणि तिने मान थोडी मागे वळवली होती, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी जुना शब्द म्हटला. सगळ्यांच्या सुरात तो बसला नाही, जरा मागे पडला, आणि पुढचे एकदोघे वळून बघू लागले. धाकटीने मान सरळ केली.

कबुली संपली. मंडळी बसली, ते जोडपेही बसले. दोन बाकांच्या अंतरावर आम्ही दोघी अजून उभ्याच होतो.