थिजलेला आकडा

१९९९ साली इंदूरच्या स्नेहलतागंजात नानासाहेबांच्या छोट्याशा कारखान्यात नवजात बाळांच्या श्वासावर नजर ठेवणारं मशीन बनत होतं. त्याच्या चिपमध्ये जागा अवघी दोन मेगाबाइट. मोठ्या संगणकासाठी लिहिलेला कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, तेवढ्यात बसवायचं काम महूच्या यशोधराकडे होतं. तिनं नेटवर्क काढलं, प्रिंटर काढला, माउस काढला. महिनाभर कापाकापी करूनही आठ किलोबाइट जास्तच भरत होते. शेवटी तिनं वॉचडॉग काढला. यंत्र अडकलं तर ते आपोआप पुन्हा सुरू करणारा तो तुकडा. पण चाचणीत यंत्र एकदाही अडकलं नव्हतं.

इंदूरजवळच्या बेटम्याच्या एका दवाखान्यात ते अडकलं. पडद्यावर श्वासाचा आकडा बेचाळीसवर थिजला आणि भोंगा वाजलाच नाही. शांता सिस्टरचं लक्ष गेलं तेव्हा बाळाचे ओठ निळे पडत होते. तिनं तळवे चोळले, पाठ चोळली, तेव्हा कुठे बाळानं श्वास घेतला.

फोन आल्यावर नानासाहेबांनी यशोधराला समजावलं, की लाइटचा झटका बसला असं सांगून टाकू, वो लोग मान जाएंगे. माणूस वाईट नव्हता. चौदा जणांच्या चुली त्या कारखान्यावर पेटत होत्या. यशोधरानं ऐकून घेतलं आणि बेटम्याची बस धरली.

वॉर्डात तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. बाळाची आई चंपा खाटेवर बसून ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला मालूम होतं?" तिनं विचारलं.

"होतं. त्याची गरज पडणार नाही, असं वाटलं मला."

चंपानं बाळाला पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टरांनीच यशोधराला बाहेर नेलं.

नानासाहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जीप घेऊन निघाले आणि दिलेली सगळी मशीनं परत घेऊन आले. दिवसभराचे आकडे साठवून ठेवण्याची सोय नानासाहेबांची लाडकी होती. यशोधरानं ती काढून वॉचडॉग परत बसवला, आणि मशीन मुद्दाम दोनशे वेळा अडकवून पाहिलं. दर वेळी ते उठलं.

तीन महिन्यांनी यशोधरानं नेलेलं एक मशीन बेटम्याच्या डॉक्टरांनी पुन्हा ठेवून घेतलं.

"राहू द्या," शांता सिस्टर म्हणाली. "पण श्वास मी हातानं मोजणारच."

यशोधरानं मान डोलावली. तिला ते बरंच वाटलं.