रेशमी जॅकची पेटी आणि माखलेली पहार

मी एक जुनी पहार आहे. कुरावाला गावातल्या पिकरिंग पबच्या मागच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. वय नव्वदीच्या घरात आलं, पण टोक अजून शाबूत आहे. मित्रांनो, टोकाचं आधीच सांगते, कारण याच टोकावर एका भल्या माणसाची अब्रू सत्तर वर्षं अडकून पडली होती. त्यात माझी काही चूक नव्हती. बरं, थोडी होती.

बैलगाडीच्या मोडक्या आखापासून मला टॅगर्ट लोहाराने घडवलं. दोन दिवस तो मला ठोकत होता आणि तितकाच वेळ शिव्याही देत होता. मग पबचा मालक सायलस पिकरिंग याने दोन बाटल्या रम देऊन मला विकत घेतलं. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा असतो आणि जमीन अशी वाळते की फावडं मारलं तर उसळून मालकाच्याच नडगीवर येतं. तिथे मीच लागते. कुंपणाचा एकेक खांब माझ्या जिवावर उभा आहे, हे मी गर्वाने नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगते.

त्या काळी रेशमी जॅक नावाचा दरोडेखोर आमच्या भागात फार गाजत होता. तोंडाला रेशमी रुमाल बांधून तो सोन्याच्या गाड्या लुटायचा. घोड्यांच्या शर्यतीचा दिवस होता आणि सगळं गाव मैदानावर गेलं होतं. घरात फक्त सायलस होता, दाढ दुखते म्हणून बायकोची शाल जबड्याला बांधून आतल्या खोलीत कण्हत पडलेला. भर दुपारी जॅक आला. थोडा वेळ स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुडला, मग तेव्हा मी जिथे असायचे त्या तबेल्यात येऊन त्याने मला उचललं. पबच्या धुराड्यापासून उगवतीकडे तो पावलं मोजत निघाला. दोनदा आकडा चुकला, दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा एकशे ऐंशी झाली तेव्हा थांबला, माझ्याकडून खड्डा खणून घेतला, त्यात एक पत्र्याची पेटी ठेवली आणि वर चपटा दगड ठेवून माती लोटली.

पेटीत काय होतं ते मला दिसलं नाही. पहारीला खड्ड्याचं कळतं, पेटीचं नाही.

काम झाल्यावर त्याने मला जागच्या जागी नेऊन ठेवलं. चोर असला तरी शिस्तीचा माणूस होता. फक्त मला पुसलं नाही.

संध्याकाळी टॅगर्ट लोहार मला उसनी न्यायला आला. माझ्या टोकाला ओली तांबडी माती बघून म्हणाला, "काय रे सायलस, सगळं गाव घोडे बघत होतं आणि तू काय पुरत होतास? सासूला?"

"ऊं, ऊं," सायलस म्हणाला. जबडा बांधलेला माणूस आणखी काय म्हणणार!

महिन्याभरात जॅक पकडला गेला आणि काही वर्षांनी तुरुंगातच तापाने मेला. मरताना पेटीचं गुपित त्याने शेजारच्या कैद्याला, फिनीला सांगितलं. इकडे चार मैलांवरून रेल्वे गेली आणि सगळं गाव उठून स्टेशनापाशी जाऊन बसलं. सायलसला पब मोडवेना. लाकडी तर होता. त्याने सगळा पब उचलून चाकांवर चढवला आणि चाळीस बैल जुंपले. चारही कोपरे मी उचलले, मित्रांनो! माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी ती. धुराडं तेवढं विटांचं, ते काही येईना. ते राहिलं माळावर, आणि नव्या जागी नवं बांधलं. बैल जुंपलेल्या पबचा फोटोसुद्धा निघाला. तो मोठी चौकट करून गल्ल्याच्या वर टांगला.

दोन वर्षांनी फिनी सुटून आला. जॅकने सांगितलेलं तेच दार, तेच टेबल, भिंतीला जॅकने एकदा झाडलेल्या गोळीचं तेच भोक. त्याला रडू फुटलं. रडत रडत चार ग्लास बिअर प्यायला आणि सगळ्यांसमोर गुपित ओकून बसला. दुसऱ्या दिवशी, पब तोच म्हणजे धुराडंही तेच असं धरून, नव्या धुराड्यापासून एकशे ऐंशी पावलं मोजून गाव खणायला लागलं. खणायला कोण? मीच! दगडावर आपटून मी टणटण ओरडत होते, "अरे इथे नाही, चार मैल मागे!" तर म्हणतात कसे, "ऐका, पहार कशी वाजते! सोनं जवळ आलं!"

काही निघालं नाही. मग म्हणू लागले, आधीच कुणीतरी काढून नेलं. टॅगर्टला शर्यतीचा दिवस आठवला, माझ्या टोकाची माती आठवली. आणि चाळीस बैल लावायला सायलसकडे पैसा कुठून आला? झालं. सायलस घसा फोडून शपथा घेत राहिला, पण आता जबडा मोकळा असून उपयोग नव्हता. चोर म्हणवून घेतच तो गेला. त्याच्या शवपेटीसाठी खड्डाही मीच खणला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

तरी गंमत बघा. सायलसने सगळं नेलं असंही म्हणायचे आणि वसंतातल्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की खणायलाही यायचे. कुणी म्हणे जॅक लंगडा होता, पावलं आखूड धरा. कुणी म्हणे उंच होता, लांब धरा. ज्याचा खड्डा रिकामा निघेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. पबमागच्या माळाची चाळण झाली. मेंढ्या पाय मोडून घेऊ लागल्या. कोणी थांबलं नाही.

आता पब सायलसची नात मेव्हिस चालवते. साठीची, हाताने खमकी, तोंडाने त्याहून. गेल्या वर्षी गावाने नवं सभागृह बांधलं आणि त्यात गाव वसवणाऱ्यांच्या नावांची पाटी लावायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष क्लॅरी टॅगर्ट, त्या लोहाराचा नातू. पाटीवर एकोणीस नावं रंगवून झाली. सायलसचं नव्हतं. शनिवारी उद्‌घाटन होतं.

"क्लॅरी, शाळेचं पहिलं छप्पर माझ्या आजोबांनी घातलं," मेव्हिस म्हणाली.

"घातलं ना. कुणाच्या पैशांनी, एवढाच प्रश्न आहे, मेव्ह."

"माझ्याकडे बिअर ढोसताना नाही पडत हा प्रश्न?"

"बिअर तुझी आहे. सोनं जॅकचं होतं."

मेव्हिस तडक मागे वळली. शेडमध्ये आली, माझ्याशेजारी उलट्या खोक्यावर बसली आणि ॲप्रन तोंडाला लावून रडली. मला फार वाईट वाटलं. सगळं माहीत असून गप्प उभं राहण्यासारखी शिक्षा नाही, मित्रांनो.

समितीला सभागृहात लावायला तो बैलांचा फोटो हवा होता. गुरुवारी मेव्हिसने तो उतरवला आणि ओल्या फडक्याने काच पुसायला घेतली. सत्तर वर्षांचा धूर निघाला. एकदम तिचा हात थांबला. फोटोतल्या पबच्या भिंतीला, धुराडं असायला हवं तिथे, नुसतं भगदाड होतं.

"क्लॅरी! इकडे ये. यात धुराडं दाखव मला."

क्लॅरीने चष्मा लावला. "नाहीये. विटांचं धुराडं बैल कसे ओढतील? वेडी का तू?"

"मग ते कुठे राहिलं?"

"कुठे म्हणजे? जुन्या जागी..." आणि क्लॅरीचा ग्लास तोंडापाशीच राहिला.

"आणि तुम्ही शहाणे मोजताय कुठून?"

"आपण नेहमी इथूनच मोजतो," क्लॅरी हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाव जुन्या जागी लोटलं. कुत्री, पोरं, चहाची किटली, बायकांनी भाजलेले गोल स्कोन-पाव, सगळं बरोबर होतं. धुराड्याचा पडका चौथरा अजून होता. एक मेंढी त्याला पाठ घासत उभी होती. तिला हाकललं.

"थांब, मी मोजतो," क्लॅरी म्हणाला.

"तुमच्या घराण्याने पुष्कळ मोजलं. तू खण." मेव्हिस स्वतः उगवतीकडे चालू लागली. एकशे ऐंशीला थांबली. क्लॅरीने मला उगारलं. तीन फुटांवर मी आपटले तो ओळखीचाच दगड. मी अशी वाजले की कुत्री भुंकायला लागली!

पेटीचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं, हातोड्याने फोडावं लागलं. आत सोन्याची फक्त चार नाणी, कुजलेल्या रेशमी रुमालांचा लगदा आणि फडक्यात बांधलेले चांदीचे बारा चमचे निघाले. मेव्हिसने एक चमचा ॲप्रनला घासला. दांड्यावर अक्षरं कोरलेली होती, सायलस पिकरिंगच्या नावाची.

"आजीच्या लग्नातले चमचे," मेव्हिस म्हणाली. "ते तू पत्त्यांत हरलास, असं म्हणून ती वर्षभर आजोबांशी बोलली नव्हती." हसता हसता तिला रडू आलं आणि रडता रडता परत हसू.

ज्याला सगळ्यांनी चोर म्हटलं, चोरी त्याच्याच घरी झाली होती. क्लॅरीने टोपी काढली. "मेव्ह, पाटीवर त्यांचं नाव सगळ्यांत वर घालू."

"वर नको. जिथे असायला हवं होतं तिथे घाल."

रंगाऱ्याने तिसऱ्या आणि चौथ्या नावांमध्ये ते बारीक अक्षरांत कोंबलं. जरा तिरकं झालंय. मेव्हिसला तेच सर्वांत छान वाटतं.

समितीला मला व्हर्निश लावून भिंतीवर टांगायचं होतं. मेव्हिसने साफ नकार दिला, तिला कुंपण घालायचं होतं. मी सुटले. गेल्या महिन्यात क्लॅरी मला त्याच्या शेतावर घेऊन गेला, दोन दिवस राबवलं आणि तशीच माखलेली शेडमध्ये आणून उभी केली.

"क्लॅरी टॅगर्ट!" मागून मेव्हिस कडाडली. "आधी पूस तिला!"

आणि समितीचा अध्यक्ष गुडघे टेकून, खिशातल्या रुमालाने मला टोकापासून डोक्यापर्यंत पुसत बसला. एवढं सुख मला नव्वद वर्षांत मिळालं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. काम झालं की अवजार पुसा, त्यावर तेलाचं बोट फिरवा आणि मगच जागेवर ठेवा. आमच्या अंगावरची माती कुणी लावली, हे आम्हाला सांगता येत नाही.