पान एकशे बारानंतर

समीक्षा पाष्टे लांज्याजवळच्या गावची. तिला जन्मापासून दिसत नाही. रत्नागिरीत एका सरकारी कार्यालयात ती टेलिफोन ऑपरेटर आहे आणि मांडवीला भाड्याच्या खोलीत एकटी राहते. शहरातलं एक मंडळ छापील पुस्तकं स्कॅन करून, त्यातला मजकूर तपासून दृष्टिहीन वाचकांना फाइली पाठवतं. त्या फाइली फोन तिला वाचून दाखवतो. सहा वर्षांत तिने अशी दोनशेच्या वर पुस्तकं ऐकली होती.

गेल्या वर्षी तिची मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली. डॉक्टरीणबाई समीक्षाला म्हणाल्या, "तूही दर महिन्याला स्वतःची तपासणी करत जा." कशी करायची ते विचारेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. म्हणून समीक्षाने मंडळाकडून स्त्रियांच्या आरोग्यावरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. अनुक्रमणिकेत तिला हवं ते प्रकरण होतं, पान एकशे अठरावर.

फोन एकशे बाराव्या पानापर्यंत आला आणि म्हणाला, "पान एकशे चाळीस. पाठदुखी."

तिने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा पाठदुखीच. फाइलच्या सुरुवातीला मजकूर तपासणाऱ्याचं नाव होतं, मालिनी आपटे. निवृत्त शिक्षिका. समीक्षा त्यांना ओळखत होती. तिने फोन लावला.

"ताई, मधली सत्तावीस पानं राहिलीत का हो?"

"राहिलीत? अगो, त्याच पानांनी माझा जीव काढला! मशीनने जिथे तिथे 'स्तन'चं 'स्तर' वाचलेलं. एकूण एक दुरुस्त केलं. बोटं कशी फिरवायची त्याच्या चित्रांचं वर्णनसुद्धा लिहिलं. मी पूर्ण फाइल दिली होती."

शनिवारी दोघी मंडळात गेल्या. कार्यवाह दत्तात्रेय लिमये, सगळे त्यांना लिमयेसर म्हणत, टेबलामागे बसले होते. त्यांनी चहा मागवला आणि मालिनीताईंना विचारलं, "यांना साखर चालते ना?"

"मला विचारा, मी इथेच बसलेय," समीक्षा म्हणाली. "चालते. आणि ती पानं कुठे गेली?"

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मीच काढली. आपल्या वाचकांत शाळेतल्या मुली आहेत. चित्रं, वर्णनं, तो सगळा प्रकार बरा दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्हा लोकांना त्याची तशी गरज नसते."

"तुम्हा लोकांना म्हणजे?"

"गैरसमज नको. तुमच्या भल्याचाच विचार केला मी."

समीक्षाचे कान तापले. "सर, ती तपासणी बोटांनी करतात. माझी बोटं तुमच्यापेक्षा तयार आहेत. डोळस बाई दुकानात हेच पुस्तक घेते तेव्हा दुकानदार पानं फाडून देतो का हो?"

"मालिनीताई, तुम्ही तरी समजवा यांना."

"मी काय समजवणार? माझं काम तुम्ही मला न विचारता फेकून दिलंत."

"लेखी अर्ज द्या. कार्यकारिणीची बैठक दोन महिन्यांनी आहे."

"माझ्याकडे पूर्ण फाइल आहे. मी आजच देणार हिला."

"फाइल मंडळाची आहे, ताई. परस्पर वाटलीत तर पुढे काम देता येणार नाही तुम्हाला."

"बारा वर्षं फुकट करत्ये. काढून टाका नाव." मालिनीताई उठल्या. चहा आला तेव्हा दोघी जिना उतरत होत्या.

संध्याकाळी फाइल आली. समीक्षाने दार लावून घेतलं, एकेक वाक्य ऐकत, हात फिरवत गेली. एका ठिकाणी अडली आणि तिने पुन्हा फोन केला.

"ताई, 'डावीकडून सुरू करा' म्हणजे कुणाच्या डावीकडून? चित्र बघणाऱ्याच्या की माझ्या?"

मालिनीताईंनी ते वाक्य पुन्हा वाचून बघितलं. "बघणाऱ्याच्या. चुकलंच माझं. काखेकडून म्हणायला हवं होतं." त्यांनी लगेच दुरुस्त करून फाइल पाठवली.

ती दुरुस्त फाइल समीक्षाने वाचकांच्या ग्रुपवर टाकली. सोबत कुठली पानं काढली होती ते लिहिलं, आणि लिमयेसरांची वाक्यं जशीच्या तशी. 'तुम्हा लोकांना त्याची तशी गरज नसते' हे वाक्य तिने वेगळ्या ओळीवर लिहिलं. चार दिवसांत एकतीस वाचकांनी मंडळाला पत्रं धाडली. ग्रुपमधल्या दाभोळच्या मनस्वीने, ती कायदा शिकत होती, समीक्षाला विचारलं, "माझ्या विवाह कायद्याच्या पुस्तकात घटस्फोटाचं प्रकरणच नाही. तेही असंच असेल का?"

कार्यकारिणी दोन महिने थांबली नाही. आठवड्यात पुस्तक पूर्ण झालं आणि संदेश आला: 'काही वाचकांच्या भावना दुखावल्या असल्यास मंडळ दिलगीर आहे.' लिमयेसर पदावर राहिले. मालिनीताईंचं नाव मात्र स्वयंसेवकांच्या यादीत परत आलं नाही.

"भावना कसल्या!" समीक्षा फोनवर जवळजवळ ओरडलीच. "पानं गेली होती आमची, पानं!"

त्या रविवारी मालिनीताई एका वकिलांकडून कायद्याची छापील पुस्तकं मागून घेऊन मांडवीला आल्या. ताई प्रकरणांची नावं आणि पानांचे आकडे वाचत होत्या, समीक्षा फोनवर फाइल पुढे सरकवत ताडून बघत होती. जेवायच्या आधीच विवाह कायद्याच्या पुस्तकातली गाळलेली पानं सापडली. तिने मनस्वीला फोन लावला.

"तुझं बरोबर होतं. चौऱ्याऐंशी ते एकशे दोन. एकोणीस पानं काढलीयत."

मनस्वी म्हणाली, "परीक्षेत त्याच्यावर मोठा प्रश्न होता. मला तेव्हा वाटलं, मीच नीट वाचलं नाही."