छत कोसळलं, कर्ता कोण?

व्याकरण फक्त मराठीच्या तासाला शिकवायचं नाही, विज्ञान-इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनीही मुलांची वाक्यं सुधारायची, असं मुख्याध्यापक मनोहररावांनी यंदा ठरवलं. कोळशाच्या खाणी असलेल्या कन्हानच्या त्या शाळेत भूगोल शिकवणारी प्रेमिला आधी कुरकुरली. पण आठवीची उत्तरं वाचल्यावर तिला ते पटलं. कर्त्याचा पत्ता नाही, क्रियापद अर्ध्यात सुटलेलं.

त्या दिवशी कोळशाचा धडा होता. प्रेमिलाने मुलांनाच एकेक वाक्य सांगायला लावलं. बरीच मुलं खाणकामगारांच्या घरची. एकाने सांगितलं, "खाणीत छत कोसळलं." तिने ते फळ्यावर लिहिलं.

"यात कर्ता कोण?"

"छत!" सगळी एका सुरात ओरडली.

रोशनी उभी राहिली. दिवाळीच्या आधी खाणीत छत कोसळून तिचे बाबा गेले होते. हे वाक्य आपण लिहायलाच नको होतं, हे प्रेमिलाच्या तेव्हा लक्षात आलं.

"मॅडम, छत काहून कर्ता? ते तं पडलं. माह्या बाबाले त्याच्याखाली कोणं पाठवलं?"

प्रेमिलाने डस्टर उचलून ते वाक्य पुसलं. तिचा नवरा जितेंद्र त्याच खाणीत मायनिंग सरदार होता. छत तपासून मगच मजुरांना आत सोडायचं, हे त्याचं काम. छत कोसळलं त्या पाळीला तोच होता. घरी तो एवढंच म्हणाला होता, "अपघात झाला." तिनेही पुढे विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच्यापुढे ताट ठेवून ती समोर बसली.

"रोशनीच्या बाबांना आत कोणी पाठवलं?"

त्याने घास ताटात परत ठेवला. "वरून सांगणं होतं. काम थांबवू नका म्हणे."

"वरून म्हणजे कोणी?"

त्याने मॅनेजरचं नाव घेतलं.

"आणि छत?"

"आवाज करून राहिलं होतं." त्याने ताट बाजूला सारलं. "मले ऐकू आलं होतं, प्रेमिला. तरी मीच त्याले म्हटलं, जा."

ती रडली नाही. "अपघाताची चौकशी सुरू आहे ना, तिथे हेच सांगा. असंच्या असं."

"नोकरी जाईन."

"जाऊ द्या."

त्याने सांगितलं. मॅनेजरचं नाव घेतलं, पण आधी स्वतःचं. आठवड्याभरात तो निलंबित झाला. मॅनेजरची फक्त बदली झाली. रोशनीच्या घरी जितेंद्र एकटाच गेला आणि दारातूनच परतला. तिच्या आईने त्याला आत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रेमिलाने रोशनीला व्हरांड्यात गाठलं. "तुझ्या बाबांना आत माझ्या नवऱ्याने पाठवलं होतं."

"मायनं सांगतलं," रोशनी म्हणाली. "तुमाले पहिलेच माहीत होतं का?"

"मी विचारलंच नव्हतं."

रोशनी पाठ फिरवून वर्गात निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस भूगोलाच्या तासाला तिने मान वर केली नाही. प्रेमिलाने तिला कधी टोकलं नाही. ती धडा शिकवत राहिली.