एकही मेल हरवता कामा नये

"आजपासून या कंपनीतला एकही शब्द काळाच्या उदरात गडप होणार नाही!" वजनकाट्यांच्या कंपनीच्या मालकांनी सकाळी जाहीर केलं, टाळ्या घेतल्या आणि लगेच विचारलं, "माझी छत्री कुणी पाहिली का?"

शब्द जपायचं काम अर्थातच मामाकडे आलं. मामा म्हणजे मालकांचा मेहुणा. कंपनीचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा, आणि मालकांची लेक सारखी "मामा, मामा" करत फोन करायची म्हणून अख्खं ऑफिस त्याला मामाच म्हणायचं. प्रत्येक मेलची प्रत कायमची जपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्याने शोधून काढलं होतं. फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना उघडा. सूचनांच्या पहिल्याच ओळीत बजावलं होतं: कोऱ्या लिनक्स सर्व्हरवरच बसवा. कोरा सर्व्हर तयारही होता. पण मामाच्या स्क्रीनवर दोन काळ्या चौकटी उघड्या होत्या, एक कोऱ्या सर्व्हरची, दुसरी चालू मेल सर्व्हरची. दोघी जुळ्या बहिणींसारख्या.

इन्स्टॉलेशन मध्येच अडलं. मेल ज्या दाराने आत येते तिथे म्हणे आधीच कुणीतरी बसलंय. कोऱ्या घरात हा कोण उपटसुंभ, हा प्रश्न मामाला पडलाच नाही. त्याने त्या कुणीतरीला सरळ उठवलं, नव्याला बसवलं आणि हात झटकून जेवायला गेला.

दुपारी ऑफिसात अशी शांतता पसरली की अकाउंटंट बाईंनी बऱ्याच दिवसांनी खिडकीबाहेर पाहिलं. "एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, मामा. तुमचा हात लागला आणि जग सुधारलं बघा!"

मामाने विनयाने मान तुकवली. तेवढ्यात भाचीचा फोन.

"मामा, कॉलेजची मेल आली? पाचच्या आत होकार कळवला नाही तर माझी जागा जाईल!"

"येईल गं. घाई काय?"

"मैत्रिणीची कधीच आली. घरच्या पत्त्यावर जाहिरातींच्या ढिगात हरवेल, ऑफिसचा पत्ता दे, असं कोण म्हणालं होतं?"

मामाने चौकटीच्या कोपऱ्यातलं सर्व्हरचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. ते चालू मेल सर्व्हरचं होतं. त्याने उठवला तो उपटसुंभ नव्हताच. वर्षानुवर्षं इमानेइतबारे मेल वाटणारा घरचाच पोस्टमन होता तो.

"मामा? काय करतोयस?"

"श्वास घेतोय."

त्याने नव्या सॉफ्टवेअरचं पान उघडलं आणि जिवात जीव आला. दारात बसवलेल्या त्या पाहुण्याने एकही मेल परत धाडली नव्हती. जी आली ती आत घेऊन, नीट क्रमाने लावून तो स्वस्थ बसला होता. वाटायचं तेवढं त्याला ठाऊक नव्हतं. कॉलेजची मेल वरून तिसरी होती.

मामाने पाहुण्याला उठवलं, पोस्टमनला मनोमन हात जोडून पुन्हा दारात बसवलं आणि ती मेल भाचीकडे पाठवून दिली. थोड्याच वेळात फोनमधून किंकाळी आली. "कळवला होकार! मामा, जागा पक्की झाली!"

मामा खुर्चीत ओल्या टॉवेलसारखा पसरला. तोच मालक आत आले.

"मेहुणे, लेक म्हणाली, दुपारच्या मेल अडकल्या होत्या. सगळ्या सापडल्या?"

"सगळ्या, भावजी. एक अक्षर गेलं नाही. आता ज्याच्या त्याला वाटतोच."

मालकांनी दार लोटून घेतलं. त्यांच्या हातात छत्री होती.

"दुपारी मी अख्ख्या ऑफिसला एक मेल लिहिली होती. छत्रीचोराला उद्देशून. जरा कडकच झालीय." त्यांनी आवाज खाली आणला. "ही माझ्याच केबिनच्या दारामागे होती. तेवढी एक मेल हरवता येईल का?"